धूर, वास आणि संमति

अकोल्याहून वाशीमकडे जाणारी सडक सुमारें वीस मैल काळ्या सपाट रानांतून जाते आणि पातुरापाशीं येऊन डोंगराच्या पायथ्याला लागते. जुन्या कागदपत्रांतून या गांवाचा उल्लेख ‘पातूर शेख बाबू’ असा सांपडतो. ज्या अवलियाचें नांव गांवाला असें जोडलें गेलें त्याचा दर्गा येथें आहे, टेकडीवर रेणुकादेवीचें देऊळ आहे, आणि डोंगराच्या खडकांत कोरलेलीं प्राचीन लेणींही आहेत. दर्ग्यांत ऊद जळतो, देवळांत धूप जळतो. दर्शन घेऊन परतलेल्या माणसाच्या अंगावरच्या कपड्यांना तो वास दिवस मावळेपर्यंत चिकटून असतो, आणि घरांतल्या वडील माणसांना तो आवडतो. कोणी त्याला ‘दूर बस’ असें म्हणत नाहीं. वस्त्राला लागलेला धुराचा वास ही गोष्ट मुळांतच निंद्य नव्हे, एवढें आरंभीं कबूल करणें बरें. कारण ज्या वासाविषयीं आम्ही आज लिहिणार आहों तो उदाचाही नव्हे व धुपाचाही नव्हे. तो सिगारेटचा आहे, आणि तो आमच्या शेजारच्या खुर्चीवरून येतो.

येथील एका महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आम्हांस बरींच वर्षें झालीं. अध्यापकांसाठीं जी खोली आहे तींत तीन टेबलें, दोन कपाटें, एक खिडकी आणि छताला एक पंखा आहे. एक टेबल आमचें, दुसरें गणित शिकविणाऱ्या एका सहकाऱ्यांचें, आणि तिसरें गेल्या वर्षीं नव्यानें रुजू झालेल्या एका बाईंचें. सहकारी सज्जन आहेत. विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीला धांवून जाणारे आहेत. त्यांना सिगारेटचें व्यसन आहे. परंतु या खोलींत त्यांनीं आजवर एकदांही सिगारेट पेटविलेली नाहीं. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूची विक्री होऊं नये असा कायदा आहे, आणि आमच्या सहकाऱ्यांची टपरी त्या शंभर यार्डांच्या पलीकडे आहे. तास संपला कीं ते तेथें जातात, परत येतांना तोंडांत वेलदोडा टाकतात, आणि मुकाट्यानें खुर्चीवर येऊन बसतात. कायद्याचा एकही शब्द मोडलेला नसतो. तरीही पंखा फिरूं लागला म्हणजे त्यांच्या सदऱ्यांतून, केंसांतून, बोटांतून, फार काय, त्यांनीं वाचून परत केलेल्या पुस्तकाच्या पानांतूनसुद्धां शिळ्या धुराचा कडवट वास खोलीभर पसरतो.

तीन वर्षें आम्हीं या वासाशीं मुक्यानें झगडा केला. थंडीच्या दिवसांतही खिडकी उघडी ठेवली. टेबलावर उदबत्ती लावून पाहिली. आपले तास त्यांच्या तासांच्या उलट लागतील अशी खटपट केली. अखेरीस एके दिवशीं प्राचार्यांच्या नांवें एक तक्रारअर्ज इंग्रजींत लिहून काढला. इंग्रजींत अशासाठीं कीं, मराठींत लिहितांना मनाला लाज वाटली. तो अर्ज खणांत पडून असतांनाच आमच्या ध्यानांत आलें कीं, नव्या बाईंची खुर्ची कांहीं दिवसांपासून खोलींत दिसत नाहीं. शिपायाला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “बाईनं खुर्ची वाचनालयाच्या वऱ्हांड्यात नेली, साहेब. त्या खोलीत बसलं का मयमय होते त्याहिले. सध्याचे दिवस तसे आहेत न.” बाईंना दिवस गेले होते. ही गोष्ट शिपायाला ठाऊक होती, आम्हांला नव्हती. आम्ही अर्जाचीं वाक्यें घासूनपुसून नीट करीत होतों, आणि ज्यांना खरोखर त्रास होत होता त्या एक शब्द न बोलतां उठून गेल्या होत्या.

तो अर्ज आम्हीं फाडून टाकला. अडचण आली म्हणजे पुस्तकांकडे धांवणें ही अध्यापकाची जुनी खोड आहे. त्या खोडीला अनुसरून आम्हीं एकच प्रश्न घेऊन तंबाखूचा इतिहास चाळला: धूर ओढणाऱ्याच्या शेजारीं जो बसतो, त्याला आजवर कोणीं कांहीं विचारलें आहे काय?

धूम्रपान ही क्रिया आपल्याकडे तंबाखूपेक्षां कितीतरी जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सुगंधी व औषधी द्रव्यांची वर्ति करून ती नळीनें ओढण्याचा विधि सविस्तर सांगितलेला आहे. कोणत्या वेळीं ओढावी, किती ओढावी आणि अतिरेक झाल्यास कोणते विकार होतात, हेंही तेथें सांगितलें आहे. परंतु तो सारा विचार ओढणाऱ्याच्या प्रकृतीचा आहे. वैद्यापुढें रोगी एकटा असतो. त्याच्या शेजाऱ्याची नाडी वैद्य पाहत नाहीं. शिवाय त्या विधींत तंबाखू नाहीं, आणि असणेंही शक्य नव्हतें. कारण ही वनस्पति अमेरिका खंडांतली. ती पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानांत आणिली, आणि तंबाखू हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेवरून आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत ज्यांनीं दीर्घकाळ हस्तलिखितांची निगा राखिली ते परशुराम कृष्ण गोडे यांनीं या वनस्पतीच्या हिंदुस्थानांतील प्रवासाचीं साधनें मोठ्या चिकाटीनें गोळा केलीं आहेत. त्या साधनांतील अतिशय बोलका प्रसंग अकबराच्या दरबारांतला आहे.

१५९६ सालीं चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांच्या हवालीं केलें होतें. पातुरापासून जवळच असलेलें बाळापूर मोगलांचें लष्करी ठाणें बनलें, आणि शाहजादा दानियाल दक्षिणेच्या सुभ्यांचा कारभार बऱ्हाणपुरांतून पाहूं लागला. या दानियालाचा विवाह विजापूरच्या आदिलशाहाच्या मुलीशीं ठरला होता. त्या कामगिरीवर असद बेग नांवाचा सरदार विजापुरास गेला. गोवें १५१० सालीं आदिलशाहीकडूनच पोर्तुगीजांनीं घेतलें होतें. त्यामुळें त्यांच्या शेजारीं असलेल्या विजापुरांत तंबाखू लवकर पोहोंचावा यांत नवल नाहीं. असद बेगानें उत्तरेंत तो कधीं पाहिला नव्हता. त्यानें तंबाखूबरोबर रत्नें जडविलेली लांब नळी व सोन्याची चिलीम असा थाटाचा सरंजाम आग्र्यास आणिला, आणि १६०४ च्या सुमारास तो चांदीच्या तबकांत मांडून बादशहापुढें ठेविला.

पुढची हकीकत असद बेगानेंच लिहून ठेविली आहे. बादशहानें कौतुकानें दोनचार झुरके घेतले. तेवढ्यांत हकीम पुढें झाला आणि त्यानें त्याला थांबविलें. या वनस्पतीविषयीं आपल्या ग्रंथांत कांहीं लिहिलेलें नाहीं, तिची परीक्षा झालेली नाहीं, तेव्हां तिच्या वाटेस जाऊं नये, असें त्याचें म्हणणें होतें. असद बेगानें उलट बाजू मांडली कीं, फिरंगी लोक कांहीं मूर्ख नाहींत, आणि आज जी चाल जुनी म्हणून मानिली जाते तीही एके काळीं नवीनच होती. हा युक्तिवाद ऐकून बादशहा खूष झाला. मात्र त्यानें स्वतः पुन्हां तंबाखू घेतला नाहीं. सरदारांनीं मात्र घेतला. व्यापाऱ्यांनीं तो विकावयास आणिला, आणि बघतां बघतां चाल पसरली.

या वादांत दोन्ही पक्ष हुशार आहेत. एकाच्या मुखीं शास्त्र आहे, दुसऱ्याच्या मुखीं सुधारणा आहे. परंतु तबक धरून उभा असलेला सेवक, किंवा बादशहाच्या मागें वारा घालणारा हुजऱ्या, यांना त्या धुराविषयीं काय वाटलें हा प्रश्न दोघांनाही सुचला नाहीं. तथापि हकिमाबद्दल आम्हांस आदर वाटतो. त्याचें शास्त्र अपुरें असेल. पण बादशहाच्या हातांत नळी असतांना त्याच्या समोर उभें राहून ‘हें नको’ असें तो बोलला. आमच्या खोलींत तीन वर्षांत तेवढेंही कोणी बोललें नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूविरुद्ध एक लहानसें पुस्तक निनांवी प्रसिद्ध केलें. त्यांतील वैद्यक आज टिकणारें नाहीं, आणि तंबाखू अमेरिकेंतील मूळ रहिवाशांकडून आला म्हणून त्यांच्याविषयीं त्यानें काढलेले उद्गार तर सर्वस्वीं त्याज्य आहेत. परंतु दोन गोष्टी त्यानें अचूक टिपल्या. एक अशी कीं, कित्येक शहाणे लोक इच्छा नसतांना केवळ चारचौघांत वेगळें दिसूं नये म्हणून तंबाखू ओढूं लागतात. दुसरी अशी कीं, नवऱ्याच्या तोंडाचा दर्प सोसणाऱ्या बायकोपुढें दोनच मार्ग उरतात: तिनेंही धूर ओढावा, नाहीं तर जन्मभर त्या दुर्गंधींत दिवस काढावे. शेजारीं बसणाऱ्या माणसाचा, आणि धूर विरल्यावर मागें राहणाऱ्या वासाचा, एवढा स्पष्ट विचार त्या काळच्या लिखाणांत आम्हांला दुसरीकडे आढळला नाहीं. पण राजानें त्यावर काय केलें? तंबाखूवरील जकात भरमसाट वाढविली. तिनें राजाच्या तिजोरीची सोय झाली. त्या बायकोची कांहीं झाली नाहीं.

यानंतरचा मार्ग निखळ राजाज्ञेचा. जहांगीरानें १६१७ सालीं आपल्या राज्यांत तंबाखू ओढण्यास बंदी केली, व इराणचा शाह अब्बास यानेंही तसाच हुकूम केला असल्याचें त्यानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. त्याच आठवणींत पुढें एक मजेदार हकीकत आहे. जहांगीराचा वकील खान आलम इराणच्या दरबारीं गेला, आणि त्याला तर तंबाखूवांचून घटकाभरही करमेना. शाहाच्या कानावर ही गोष्ट गेली. शाहानें कवितेच्या दोन ओळी लिहून पाहुण्याला मोकळीक दिली, आणि पाहुण्यानेंही कवितेंतच आभार मानिले. एका बादशहानें बंदी केलेली वस्तु त्याचाच वकील दुसऱ्या बंदी करणाऱ्याच्या दरबारांत बसून ओढतो, आणि दोघेही त्यावर काव्य करितात! ज्याचा दर्जा मोठा त्याच्यापुढें आज्ञा वांकते, आणि बाकीच्यांना ती लागू राहते. अशा आज्ञेनें तंबाखू थांबला नाहीं हें सांगावयास नकोच.

आपल्या मराठी घरांतून राजाज्ञेपेक्षां बळकट असें एक बंधन होतें, तें लाजेचें. वडिलांसमोर मुलानें विडी ओढावयाची नाहीं. गुरुजी समोरून येतांना दिसले कीं हातांतली विडी पाठीमागें न्यावयाची. घरांत शिरण्यापूर्वीं पान खावें, चूळ भरावी, सदरा झटकावा. पुष्कळ लोक या रीतीचें कौतुक करितात, आणि आम्हींही वर्गांत केलें आहे. परंतु नीट पाहिलें तर ही लाज एकाच दिशेनें वाहते. वडिलांपुढें मुलगा लपवितो. मुलापुढें वडील लपवीत नाहींत. आजोबांची चिलीम सगळ्या माजघराला ठाऊक असे, आणि तिच्यावर निखारा आणून ठेवण्याचें काम बहुधा घरांतल्या पोराकडेच असे. वरच्याला वास येऊं नये एवढीच काळजी या रीतींत आहे. खालच्याला येतो त्याचें काय, हा प्रश्न नाहीं. दुसरें असें कीं, लाज माणसाला लपवावयास शिकविते, विचारावयास शिकवीत नाहीं. आमच्या सहकाऱ्यांच्या तोंडांतला वेलदोडा हा याच शिकवणीचा वारसा होय. आणि आमची उदबत्ती ही त्याच वेलदोड्याची बहीण.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि प्रश्नाचें स्वरूप पालटलें. अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, आणि ज्यांनीं जन्मांत एका बिछायतीवर बसण्याचा प्रसंग येऊं दिला नसता अशीं माणसें एका डब्यांत तासन् तास बसूं लागलीं. वडील कोण, धाकटा कोण, हें ठरविण्याचें कांहीं साधन त्या डब्यांत नव्हतें. म्हणून लाजेची रीत तेथें लंगडी पडली. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमानें यावर जो तोडगा काढला तो आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. धूम्रपानासाठीं मुद्दाम राखून ठेवलेला डबा सोडून इतर डब्यांत जो कोणी सहप्रवाशांच्या संमतीवांचून धूम्रपान करील त्याला वीस रुपयांपर्यंत दंड, असें तें कलम होतें. त्या काळचे वीस रुपये ही लहान रक्कम नव्हे. येथें धूर वाईट कीं चांगला याचा निवाडा कायदा करीत नाहीं. ओढणाऱ्याची इभ्रत किती हेंही पाहत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, तोंड आधीं ओढणाऱ्यानें उघडावें, आणि शेजाऱ्याला विचारावें.

व्यवहारांत तिसऱ्या वर्गाच्या गर्दींत किती जणांनीं विचारलें असेल, आणि कोणा गोऱ्या साहेबाला ‘संमति नाहीं’ असें सांगण्याची छाती किती जणांना झाली असेल, याची कल्पना कोणालाही करितां येईल. संमतीला अर्थ येण्यासाठीं नाहीं म्हणण्याची मोकळीक लागते. तरीही तत्त्व म्हणून तें कलम आम्हांस नंतरच्या कायद्यापेक्षां सरस वाटतें. कारण १९८९ सालीं जो नवा रेल्वे कायदा झाला त्याच्या १६७ व्या कलमानें ही रचना उलटी केली: डब्यांतल्या एखाद्या प्रवाशानें हरकत घेतली तर धूम्रपान करूं नये, नाहीं तर शंभर रुपयांपर्यंत दंड. दंड वाढला, पण बोलण्याचें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलें. पूर्वीं ओढणाऱ्यानें विचारावयाचें होतें. आतां सोसणाऱ्यानें हरकत घ्यावयाची होती. ज्याला हरकत घेण्याचें धैर्य नाहीं त्याच्यासाठीं त्या वाक्यांत जागा नव्हती. गाडींत किंवा संपूर्ण गाडीवर बंदी घालण्याचा अधिकार रेल्वेकडे ठेविला होता, हें खरें; परंतु बंदी ही निराळी गोष्ट, आणि विचारणें ही निराळी.

सोसणाऱ्यांचें मौन किती खोल असतें हें पाहावयाचें तर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या निपाणीकडे पाहावें. तेथील वखारींत तंबाखू कुटणें, चाळणें हें काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया. ती भुकटी नाकातोंडांत जाते, लुगड्यांत बसते आणि त्यांच्याबरोबर घरीं जाते. हें काम सोडण्याची सोय त्यांना नव्हती. त्यामुळें त्या वासाला त्यांची संमति होती असें म्हणणें म्हणजे शब्दाशीं खेळ होय. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या आणि मजुरी, कामाचे तास व वागणूक यांविषयीं बोलूं लागल्या. त्या बोलल्या तेव्हांच बाहेरच्या जगाला कळलें कीं, आपण ज्याला नुसता तंबाखूचा वास म्हणतों त्याच्या आंत कोणी राहत आहे.

जवळजवळ त्याच वेळीं, १९८१ च्या जानेवारींत, तोक्योचे संशोधक ताकेशी हिरायामा यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. स्वतः कधीं धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती त्यांनीं तपासली होती. ज्यांचे नवरे फार सिगारेटी ओढीत त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळलें. जेम्स राजानें ज्या बायकोचें दुःख पुस्तकांत लिहून सोडून दिलें होतें, तिची मोजदाद पावणेचारशें वर्षांनीं झाली. या निबंधावर पुष्कळ वाद माजला. पण पुढील संशोधनानें त्याच्या मुख्य निष्कर्षाला बळकटीच दिली.

आपल्या देशांत यापुढचीं पावलें न्यायालयांनीं टाकलीं. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९९ सालीं सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. मुंबईचे माजी महापौर व खासदार मुरली देवरा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला होता. त्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजीं निर्णय होऊन रुग्णालयें, शाळा-महाविद्यालयें, ग्रंथालयें, न्यायालयें, सरकारी कचेऱ्या आणि आगगाडीसह सार्वजनिक वाहनें यांत धूम्रपान बंद करण्याचा आदेश निघाला. धूम्रपान न करणाऱ्यानें दुसऱ्याच्या धुरानें आपलें आयुष्य कां गमवावें, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २००३ सालीं संसदेनें कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू होऊन खाजगी कचेऱ्यांसह कामाच्या सर्व जागा त्यांत आल्या. दंड दोनशें रुपयांपर्यंत ठेविला गेला. ज्यांना बोलतां येत नव्हतें त्यांच्या वतीनें कायदा बोलला. हें मोठें कार्य झालें, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावयास हवें.

मात्र कायदा धुराला दाराबाहेर काढूं शकतो. सदऱ्याला चिकटून आंत येणाऱ्या वासाला तो अडवूं शकत नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं बालरोगशास्त्राच्या एका मासिकांत या मागें उरणाऱ्या अंशाला ‘तिसऱ्या हाताचा धूर’ असें नांव देऊन लोकांचें लक्ष त्याकडे वेधलें. पुढल्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, भिंती, कापड यांवर बसलेल्या निकोटीनची हवेंतल्या नायट्रस आम्लाशीं क्रिया होऊन कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें तयार होतात. वास आला म्हणजे लगेच रोग झाला असें कोणी समजूं नये. खोलींत कोणी सिगारेट ओढणें आणि ओढून आलेला माणूस शेजारीं बसणें, यांत मोठें अंतर आहे. परंतु वास हा कांहीं मनाचा खेळ नव्हे. तो तेथें पदार्थ असल्याची खूण आहे. आणि गरोदर स्त्रीला त्या वासानें मळमळत असेल तर तिनें शास्त्राचा आधार दाखविण्याची गरज नाहीं.

एवढें वाचून झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्हीं राजाज्ञा मागण्यासाठीं अर्ज लिहिला होता, लाजेची रीत पाळून उदबत्ती लावली होती. पण या दोहोंच्या मधला जो साधा मार्ग, त्यावर आम्हीं पाऊल टाकलेंच नव्हतें. एका संध्याकाळीं कॉलेज सुटल्यावर आम्ही सहकाऱ्यांबरोबर पायीं निघालों आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत त्यांना सर्व सांगितलें. ते रागावतील असें वाटलें होतें. ते थांबले, आपल्या सदऱ्याची बाही नाकाशीं नेऊन त्यांनीं हुंगून पाहिली, आणि म्हणाले, “सर, मला तर कांहींच येत नाहीं. तीन वर्षें तुम्ही थंडींत खिडकी उघडीत होतां, मला वाटलें तुम्हांला उकडतें.” थोडें पुढें गेल्यावर पुन्हां म्हणाले, “घरींसुद्धां कोणी बोललें नाहीं. आतां कळतें, मुलगी पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलींत कां जाते तें.”

धूर ओढणाऱ्याचें नाक त्या वासाला बोथटतें, ही गोष्ट आम्हीं पुस्तकांत वाचली होती. पण आमच्या मौनानें त्यांना त्यांच्याच घरांतली एक गोष्ट कळूं दिली नव्हती, हें त्या दिवशीं उमगलें. आपण त्यांची भीड राखीत आहों अशी आमची समजूत होती. वस्तुतः आम्ही त्यांना एकटें पाडीत होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे मिळून वाचनालयाच्या वऱ्हांड्यांत गेलों. आधीं आम्हींच बाईंची क्षमा मागितली, कारण आमचा अपराध सहकाऱ्यांपेक्षां मोठा होता. त्यांना ठाऊक नव्हतें, आम्हांला होतें. बाई संकोचल्या. “सर, मी नवीन. तुम्हीच कांहीं बोलत नव्हतां, मग मी कशी बोलणार?” एवढेंच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यांत १९८९ च्या कलमाचें सारें वैगुण्य आम्हांला दिसलें. हरकत घेण्याचा हक्क सर्वांना सारखा असतो; हरकत घेण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते. म्हणून जो वयानें, नोकरीनें किंवा मानानें मोठा आहे त्यानें आधीं बोलावें, हा धडा आम्हीं पन्नाशी उलटल्यावर शिकलों.

आतां खोलींत थोडी नवी व्यवस्था आहे. टपरीवर जातांना सहकारी एक जुनी बंडी सदऱ्यावर चढवितात, आणि परत आल्यावर ती बाहेरच्या खुंटीला टांगतात. साबणानें हात-तोंड धुतात, आणि थोडा वेळ वऱ्हांड्यांत थांबून मग आंत येतात. त्यांचें टेबल खिडकीच्या त्या बाजूला नेलें आहे, जिकडून वारा बाहेर जातो. वेलदोडा बंद झाला आहे. सिगारेट सुटलेली नाहीं. ती सुटावी असें आम्हांला वाटतें, व त्यांनाही वाटतें, पण तो त्यांचा झगडा आहे आणि त्यांत आम्ही फार तर सोबत करूं शकूं. बाईंनीं आठवडाभर विचार करून आपली खुर्ची परत आणिली.

वास मात्र सर्वस्वीं गेला असें सांगितलें तर तें खोटें होईल. पावसाळ्यांत डोंगरावरून ढग उतरून गांवावर बसले कीं हवा जड होते, कपडे सर्द होतात आणि कोठें तरी मुरलेला तो कडवटपणा पुन्हां जागा होतो. अशा दिवशीं सहकारी दारांतच उभे राहतात, बाईंच्या टेबलाकडे पाहून विचारतात, “येतो का वास?” कधीं बाई मान हलवून नाहीं म्हणतात, कधीं ‘थोडा येतो, सर’ असें सरळ सांगतात, आणि ते निमूटपणें वऱ्हांड्यांतल्या बांकावर जाऊन वह्या तपासूं लागतात. त्या बांकावर त्यांच्या शेजारीं जाऊन बसण्याची आम्हांला आतां संवय झाली आहे.